गोष्ट दमदार, भाषा बोजड: किशोर फॅन्टसीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबाजोगाईत आमचा शनिवारचा वाचनगट भरतो. साधारण १२ ते १८ वयाची मुलं येतात. वाचतात, भांडतात, आणि हल्ली लिहूनही आणतात. बीड, लातूर, परभणीकडूनही वह्या येतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त वह्यांत शापित किल्ले, बोलणाऱ्या विहिरी आणि हरवलेले राजपुत्र असतात. गोष्टी बऱ्याचदा झकास असतात, पण भाषा अंगावर येते. त्यावरून मुलं, त्यांचे आईवडील आणि शिक्षक मला तेच ते विचारतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. ही मतं माझी आहेत. गटातल्या निम्म्या मुलांना ती मान्य नाहीत.

ताई, 'बोजड' म्हणजे तुम्ही नेमकं कशाला म्हणता? लांब वाक्याला?

नाही. लांब वाक्याला नाही, विशेषणाला नाही, संस्कृत शब्दाला तर अजिबात नाही. विस्ताराला घाबरायचं आमच्या गावाला शोभणारही नाही. इथल्याच संतकवी दासोपंतांनी गीतार्णव या गीतेवरच्या टीकेत सव्वा लाख ओव्या लिहिल्या असं परंपरा सांगते.

वाक्यातलं अर्धं काढून टाकलं तरी वाचणाऱ्याचं काही अडत नसेल, तर ते वाक्य बोजड. 'तिच्या डोळ्यांतून अश्रूंचे मोती ओघळले' असं वाचलं की मला मोती दिसतात, मुलगी दिसत नाही. 'तो अतिशय भयंकर, भीषण, भयावह राक्षस होता' यात राक्षस एकदाही दिसत नाही, लेखकाची धडपड मात्र तीनदा दिसते. आणखी एक सवय म्हणजे निसर्गाला वेठीला धरणं. नायकाला राग आला की वीज कडाडते, नायिका रुसली की चंद्र ढगाआड जातो. मराठवाड्यात जून-जुलैत ढगाकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसाला विचारा, आभाळ कुणाच्या मनासारखं वागतं का ते.

गोष्ट चांगली आणि भाषा जड असेल, तर पुस्तक चांगलं म्हणायचं की वाईट?

चांगलं. इथं माझं मत ठाम आहे.

किशोर वाचक पान उलटतो ते पुढं काय झालं हे कळावं म्हणून. मधलं वाईट वाक्य तो चक्क ओलांडून जातो. गटात मी हे रोज बघते. वर्णनाचा परिच्छेद आला की मुलांची नजर थेट पुढच्या अवतरणचिन्हावर उतरते. भाषेचा दोष असा ओलांडता येतो. गोष्टच नसेल तर ओलांडून जायचं कुठं? गुळगुळीत भाषेची आणि काहीच न घडणारी पुस्तकं मुलं गुपचूप परत आणून ठेवतात. आवडलं का विचारलं तर 'छान होतं' म्हणतात.

पण ही सवलत वाचणाऱ्यानं द्यायची, लिहिणाऱ्यानं मागायची नाही. 'माझी गोष्ट भारी आहे, भाषेचं बघू नका' असं म्हणणाऱ्याची वही मी तशीच परत देते. शिवाय दमदार गोष्ट पहिल्या वाचनात तारून नेते, दुसऱ्या वाचनात नाही. शेवट माहीत असतानाही पुस्तक हातात घ्यावंसं वाटतं ते त्यातल्या वाक्यांसाठी. मुलांनी पुन्हा पुन्हा वाचून कोपरे झिजवलेली पुस्तकं कपाटात वेगळी ओळखू येतात, आणि त्यात बोजड भाषेची फार थोडी असतात.

आपल्याकडे या भांडणाचं जुनं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते पैठणचं आहे. कथासरित्सागर या जुन्या संस्कृत कथासंग्रहात सुरुवातीलाच गुणाढ्याची कथा येते. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाचा हा मंत्री. राजाला संस्कृत किती दिवसांत शिकवता येईल यावरून दरबारात पैज लागते, गुणाढ्य ती हरतो, आणि ठरल्याप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडून रानात जातो. तिथं विंध्याच्या जंगलात पिशाचांची भाषा शिकतो आणि त्या पैशाचीत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहितो. रानात शाई कुठली, म्हणून स्वतःच्या रक्तानं.

शिष्य पोथी घेऊन राजाकडे येतात. राजा नाक मुरडतो. भाषा पैशाची, नीरस, वर लिहिलेली रक्तानं. गोष्ट काय आहे हे तो ऐकूनही घेत नाही. मग गुणाढ्य डोंगरावर अग्निकुंड पेटवतो, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि आगीत टाकतो. हरणं, डुकरं, रेडे चारापाणी विसरून भोवती उभे राहतात, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहतं. इकडे राजाच्या ताटात सुकलेलं मांस येऊ लागतं, कारण रानातली जनावरंच वाळत चाललेली असतात. राजा आजारी पडतो, चौकशी होते, पारध्यांकडून खरं कळतं आणि तो धावत येतो. तोवर सहा लाख श्लोक जळून गेलेले असतात. उरलेला एक लाख गुणाढ्यानं शिष्यांना आवडतो म्हणून मागं ठेवलेला असतो.

मला यात दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे भाषेवरून पोथी नाकारणारा राजा या कथेत मूर्ख ठरतो. दुसरी जास्त महत्त्वाची. ती पैशाची बृहत्कथा आज उपलब्धच नाही. तिचं एकही पान नाही. तरी गोष्टी उरल्या, कारण पुढच्या लोकांनी त्या आपापल्या भाषेत पुन्हा सांगितल्या. गोष्ट एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जिवंत जाते. नुसत्या शैलीला असा प्रवास जमत नाही.

मग विशेषणं कापतच सुटायचं का? सगळं कोरडं नाही होणार?

होईल. त्याचाही पुरावा याच गोष्टींत आहे.

अकराव्या शतकात काश्मीरमध्ये दोघांनी बृहत्कथा संस्कृतात आणली. क्षेमेंद्रानं बृहत्कथामंजरी लिहिली, ती साडेसात हजार श्लोकांच्या आसपास. सोमदेवानं सूर्यवती राणीच्या करमणुकीसाठी कथासरित्सागर लिहिला, तो एकवीस हजारांच्या वर. साहित्य एकच, काळही जवळपास एकच. क्षेमेंद्रानं इतकं आवळलं की ठिकठिकाणी कोण कुणाला का मारतोय हेच कळत नाही, आणि मध्येच वर्णनाची हौस मात्र भागवून घेतली. आज गोष्टीसाठी म्हणून वाचतात तो सोमदेव. गंमत अशी की साहित्यातल्या औचित्यावर ग्रंथ लिहिणारा हाच क्षेमेंद्र. नियम माहीत असणं वेगळं आणि हात चालणं वेगळं.

सोमदेवानं आपण काय केलं ते आरंभीच सांगून टाकलंय: 'कथारसाविघातेन काव्यांशस्य च योजना'. म्हणजे काव्य घातलंय, पण कथेचा रस मोडणार नाही अशा बेतानं. किशोर फॅन्टसी जोखायला मला याहून चांगली फूटपट्टी सापडलेली नाही. प्रत्येक सजवलेल्या वाक्याला एवढंच विचारायचं, तुझ्यामुळे गोष्ट थांबली का?

थांबायला हवी तिथं थांबली तर हरकत नाही. लढाई संपली, मेलेल्यांची नावं घेऊन झाली, नदीकाठी सगळे गप्प बसलेत, तिथं चार ओळी पाण्यावर लिहा, पाहिजे तर आठ लिहा. तलवार उपसलेली असताना मात्र म्यानावरची नक्षी सांगू नका.

फॅन्टसीतच हा रोग जास्त का?

तीन कारणं दिसतात, त्यातलं तिसरं खरं.

पहिलं, अद्भुत म्हणजे भारदस्त बोललंच पाहिजे असा समज. हा आजचा नाही. मराठीतल्या सुरुवातीच्या कादंबऱ्या बघा, १८६१ ची मुक्तामाला, १८६८ ची मंजुघोषा. राजपुत्र, राजकन्या, योगायोगांची रेलचेल आणि त्यावर वर्णनांचा भरजरी शालू. त्या काळच्या वाचकाला तो शालू हवा होता. दुसरं कारण टीव्हीवरच्या पौराणिक-ऐतिहासिक मालिका. मुलांच्या कानात राजदरबार म्हटलं की तोच आवाज असतो.

तिसरं कारण असं की जे डोळ्यांनी पाहिलेलं नाही त्याला विशेषणं जास्त लागतात. केज तालुक्यातला मुलगा बर्फाच्छादित किल्ल्यावर कादंबरी लिहितो तेव्हा बर्फ 'शुभ्र', 'धवल', 'हिमगौर' आणि 'मोत्यासारखा' होतो. तोच मुलगा त्याच वहीत टँकरमागं घागर घेऊन धावणाऱ्या बाया लिहितो तेव्हा एक विशेषण वापरत नाही, आणि मला धुरळा नाकात गेल्यासारखा वाटतो. बर्फावर लिहू नये असं मी म्हणत नाही. पण पाहिलेल्या गोष्टीतून न पाहिलेली गोष्ट काढता येते. नळदुर्गचा पाणीमहाल त्यानं पाहिलाय. बोरी नदीवर धरण आणि त्याच्या पोटात महाल. त्याला जादूचा किल्ला करायला आणखी काय हवं?

प्रत्यक्ष एखादा परिच्छेद दुरुस्त करून दाखवाल का?

दाखवते. नववीतल्या एका मुलाची ही ओळ आहे, त्याच्या परवानगीनं देतेय. नायिका रेवा देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारी वाटेत शिरते:

'त्या काळ्याकभिन्न, गूढगहन, युगानुयुगांच्या रहस्यांनी भारलेल्या अंधारीच्या अजस्र जबड्यात पाऊल ठेवताच रेवाच्या कोमल काळजात भीतीच्या असंख्य सर्पिणी फूत्कारू लागल्या आणि तिच्या हातातील मशालीची सोनसळी ज्योत जणू मृत्यूच्या थंडगार श्वासाने थरथरू लागली.'

मी त्याला विचारलं, दौलताबादला गेलायस का? म्हणाला, 'सहलीला गेल्तो की.' काय आठवतं? 'वटवाघळांचा वास, ताई. अन् पायऱ्या. एक इवलीशी, एक गुडघ्याएवढी. मागचं पोरगं वरडलं की आवाज कुठून आला कळतच नव्हतं.'

म्हटलं, हे लिही. पुढच्या शनिवारी त्यानं हे आणलं:

'अंधारीत वटवाघळांचा वास होता. पायऱ्या सारख्या नव्हत्या. एक बोटभर, तर पुढची गुडघ्याएवढी. रेवानं मशाल खाली धरली. मागून कुणीतरी तिला हाक मारली. ती वळली नाही, कारण मागं कुणी नाही हे तिला माहीत होतं. मग तीच हाक पुढून आली.'

पहिल्या वेळी वर्गातल्यासारखी सगळी हसली होती. दुसऱ्या वेळी 'मग तीच हाक पुढून आली' यावर एक मुलगी 'बाप रे' म्हणाली. भीती हा शब्द यात कुठंच नाही. आणि एक बघा, पहिल्या परिच्छेदात काहीही घडत नाही. रेवा आत जाते आणि घाबरते, बस. दुसऱ्यात घटना आहे. बोजड भाषा बहुतेक वेळा घटनेची रिकामी जागा भरायला येते. म्हणून मी मुलांना 'शब्द काढ' असं क्वचित सांगते. 'इथं नेमकं काय झालं?' एवढं विचारलं की शब्द आपोआप गळतात.

'सोनसळी' वर मात्र त्याचा जीव होता. तो शब्द आम्ही ठेवला, अंधारीतून वर उजेडात आल्यावरच्या वाक्यात. तिथं रेवाला उभं राहून श्वास घ्यायचा होता, तेव्हा ऊन सोनसळी असायला काहीच हरकत नव्हती.

राजे, यक्ष, चेटकिणी यांनी कसं बोलायचं? मराठवाडी बोली चालेल का?

चालेल काय, धावेल. पण एक अट आहे.

वह्यांमध्ये मला सारखं दिसतं की राजपुत्र पुस्तकी बोलतो, 'हे नराधमा, तुझा अंत समीप आला आहे', आणि बोली येते ती फक्त द्वारपालाच्या, स्वयंपाकिणीच्या नाहीतर विनोदी मित्राच्या तोंडी. आपलीच भाषा आपणच नोकरांच्या ओसरीवर बसवायची, याचा मला मनापासून राग येतो. बोली द्यायची तर अंगात जोर असलेल्या पात्राला द्या. आमच्या गटातल्या एका मुलीच्या गोष्टीत आटलेल्या बारवेतला यक्ष रात्री दोर सोडणाऱ्या पोरीला एवढंच विचारतो, 'काय करायलीस गं इथं?' मला ते दहा नराधमांपेक्षा वजनदार वाटलं. शेजारचा म्हातारा विचारतो तसं एक यक्ष विचारतोय, सगळा दरारा त्यातच आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. उर्सुला ल ग्विन या अमेरिकन लेखिकेनं १९७३ मध्ये फॅन्टसीच्या शैलीवर एक निबंध लिहिला. तिचं म्हणणं, अद्भुताचं जग दुसऱ्या कशावर नाही, लेखकाच्या आवाजावर उभं असतं, म्हणून तिथं शैली ही वरची सजावट नव्हेच. खोटं जुनाट बोलणं तिला खपत नाही, आणि नावं बदलली की कार्यालयातल्या गप्पा वाटतील असं सपाट बोलणंही खपत नाही. हे मला पटतं. हजार वर्षं बारवेत बसलेला यक्ष 'ओके, डन' म्हणाला तर मी पुस्तक मिटेन. बोली आणि सपाटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलीत वजन असतं, फक्त कान लावावा लागतो. नाथांची भारुडं ऐका, पैठण काही लांब नाही. विंचवाच्या भारुडात किती साध्या शब्दांत किती मोठं काम चाललंय ते बघा.

पंधराव्या वर्षी कुणी कादंबरी लिहिली आणि ती चालली, असं झालंय का?

झालंय. ख्रिस्तोफर पाओलिनी या अमेरिकन मुलानं पंधराव्या वर्षी 'एरागॉन' लिहायला घेतली. घरच्यांनीच ती २००२ मध्ये छापली, आणि २००३ मध्ये मोठ्या प्रकाशनानं काढल्यावर ती जगभर गेली. टीकाकारांनी दोन गोष्टींवर बोट ठेवलं, कथानकात आधीच्या पुस्तकांचे ठसे आणि भाषेत अवजडपणा. दोन्ही आरोपांत तथ्य आहे. तरीही शेतावरच्या पोराला अंडं सापडतं, त्यातून ड्रॅगन निघतो आणि त्याच्या मनाशी बोलतो, ही ओढ इतकी जबर की लाखो मुलांनी वाक्यांची पर्वा केली नाही.

आमच्याकडे हे उदाहरण दोन्ही बाजू वापरतात. 'बघा, भाषा जड असली तरी चालते' असं मुलं म्हणतात. मी म्हणते, तो ड्रॅगन आणा, मग बोलू.

शाळेत अशाच भाषेला मार्क मिळतात. मग मुलांनी काय करायचं? (एका शिक्षकांचा प्रश्न)

सर, दुखणं तुम्ही बरोबर पकडलंत. 'पूर्वेला सूर्यनारायण आपल्या सोनेरी किरणांची उधळण करीत होते' ही ओळ निबंधाच्या गाइडातून तीन पिढ्यांच्या वह्यांत उतरलीय. मी तपासलेल्या निम्म्या कादंबऱ्यांचा पहिला परिच्छेद हाच असतो, फक्त सूर्याला दुसरा ग्रह जोडलेला असतो.

मुलांना मी स्पष्ट सांगते, परीक्षेत परीक्षेचं लिहा. मार्क सोडून देण्याइतकं कुणाचं घर भरलेलं नाही. पण दोन वह्या ठेवा. तुमच्या हातात वर्ग आहे, तर एक करून बघा. 'पावसाळ्यातील एक दिवस' ऐवजी 'आमच्या गल्लीत पाणी किती वाजता येतं आणि तेव्हा काय होतं' असा विषय द्या. त्यावर गाइड मिळत नाही.

मुलगी आठवीत आहे, सातशे पानांच्या मालिका वाचते. भाषा बिघडेल का?

नाही. वाचू द्या. जेवताना तिला गोष्ट सांगायला लावा. सांगताना ती बोजड भाग आपोआप गाळते, आणि काय गाळलं ते तिचं तिलाच कळतं.

जादूचे नियम, राजघराण्याची वंशावळ, पाच राज्यांचा इतिहास: हेसुद्धा अतिलेखनच ना?

तो वेगळा दोष. भाषा साधी असूनही पुस्तक त्यानं बुडतं. पहिल्या चाळीस पानांत वाचकाला एकच नियम कळला तरी पुरे, आणि तो कुणीतरी मोडल्यामुळे कळावा. बारवेतल्या पाण्याला सूर्यास्तानंतर हात लावायचा नाही, हे आजीनं तीन पानं समजावण्यापेक्षा कुणीतरी हात लावलेला दाखवा.

अनुवादित फॅन्टसीची भाषा जड वाटते. दोष कुणाचा?

कधी मूळ लेखकाचा, कधी अनुवादकाचा, आणि मूळ वाचल्याशिवाय कुणावर ढकलायचा हे ठरवता येत नाही. पण एक नवा प्रकार सुरू झालाय. मुलं मराठीतच लिहितात, आणि वाक्य मात्र इंग्रजी वाचनातून उचललेलं असतं. 'आपण रोखून धरलाय हे तिला ठाऊकच नसलेला श्वास तिनं सोडला.' ही बाई मला गेल्या वर्षभरात इतक्या वह्यांत भेटलीय की तिच्या फुप्फुसांची काळजी वाटते. आपल्याकडे माणसाच्या जिवात जीव येतो, तो हुश्श करतो, मटकन खाली बसतो. एवढं सगळं हाताशी असताना उसना श्वास कशाला?

एआयकडून भाषा 'सुंदर' करून घेतली तर?

ऱ्हस्व-दीर्घ तपासायला वापरा. 'सुंदर कर' म्हटलं की वाक्यागणिक दोन विशेषणं आणि एक चांदणं वाढून येतं. अंधारीतल्या वटवाघळांचा वास त्याला कुणी दिलेला नाही, तो तुमच्याकडेच आहे.

पुस्तकाचं परीक्षण लिहायचंय. गोष्ट आणि भाषा एकत्र कशी तोलू?

एकत्र तोलूच नका. 'गोष्टीला पाचपैकी साडेचार, भाषेला दोन, म्हणून सव्वातीन' हा हिशेब वाचकाच्या काही कामाचा नाही. सव्वातीनचं पुस्तक म्हणजे काय? सपक गोष्ट आणि सपक भाषा असलेल्या पुस्तकालाही तेवढेच गुण पडतील, आणि ती दोन पुस्तकं अजिबात एकसारखी नाहीत. दोन निकाल वेगळे सांगा. कुणाला चालेल आणि कुणाला चालणार नाही तेही सांगा.

मी स्वतः असं करते. पुस्तक मिटून गोष्ट कुणाला तरी तोंडी सांगते, वाचनालयात चहा घेऊन येणाऱ्या मावशीही चालतात. त्यांनी 'मग?' विचारलं की गोष्ट उभी आहे. नंतर पुस्तक कुठंही उघडून एक पान मोठ्यानं वाचते. धाप कुठं लागते, कुठं आपोआप घाई होते, तिथं पेन्सिलीनं खूण. खुणा शांत प्रसंगांत जास्त असतील तर लेखकाला गोष्ट येते, फक्त सजवायची हौस आहे, पुढच्या पुस्तकात सुधारेल. खुणा नेमक्या मोठ्या प्रसंगात असतील, म्हणजे नायकाचा भाऊ मरतो त्याच पानावर सर्पिणी फूत्कारू लागल्या असतील, तर मामला गंभीर आहे. त्या लेखकाचा आपल्याच प्रसंगावर भरवसा नाही. असं पुस्तक मी मुलांच्या हातात देते, पण परीक्षणात ते लिहिते.

लेखक किशोरवयीन असेल तर नाव घेऊन टर उडवू नका. ओळ दाखवा, पोराला दाखवू नका.

माझी ४०० पानांची कादंबरी तयार आहे. आणून देऊ का?

पहिली वीस पानं आणा, आणि ज्या प्रसंगासाठी तुम्ही ही कादंबरी लिहायला घेतलीत ती पाच पानं आणा, मग ती कुठलीही असोत. हातानं लिहिलेलं चालेल, अक्षर लागेल एवढं बघा. टाइप केलं असेल तर युनिकोडमध्ये. मनोगत, अर्पणपत्रिका आणि मान्यवरांचे अभिप्राय आत्ताच नकोत. नकाशा काढला असेल तर तो आणा. तो मात्र मुलं सगळ्यात आधी बघतात.